उंदरांचा पिंजरा आणि 'किती पिढ्या?' हा प्रश्न

आरक्षणाच्या वादात दोन वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. पहिले समोरच्या बाजूचे : "गुणवत्ता रक्तातच असावी लागते. अजून किती पिढ्या सवलती घेणार?" हे वाक्य आता जुने झाले, त्याचे उत्तर द्यायची सवयही झाली. दुसरे वाक्य मात्र आपल्याच बाजूचे आहे आणि ते आम्हाला जास्त अस्वस्थ करते. आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एक तरुण कार्यकर्ता फार तळमळीने म्हणाला, "आपल्या पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहिल्या. आपल्या लोकांचे मेंदूच नीट वाढले नाहीत. म्हणून तर आरक्षण पाहिजे!" टाळ्या पडल्या. आम्हाला टाळी वाजवता आली नाही.

त्या तरुणाचा हेतू शंभर टक्के स्वच्छ होता. पण तो काय बोलून गेला? समोरचा म्हणतो, यांच्या रक्तात खोट आहे. आपला म्हणतो, रक्तात नाही, मेंदूत खोट आहे. खोट आहे हे दोघांनाही मान्य! मनुवादाला याहून जास्त काय हवे?

भूक आणि मेंदू यांच्या नात्यावर प्रयोगशाळांमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ काम झाले आहे. त्यातले बहुतेक काम माणसांवर नव्हे, उंदरांवर झाले, कारण माणसाचे लेकरू मुद्दाम उपाशी ठेवता येत नाही. (आपल्या समाजव्यवस्थेने ते ठेवले, ही गोष्ट वेगळी.) या प्रयोगांचा इतिहास नीट वाचला तर वरची दोन्ही वाक्ये पडतात. पण तो अर्धाच वाचला तर दोन्ही वाक्यांना बळ मिळते. म्हणून तो पूर्ण वाचू या.

तीन पिल्ले आणि पंधरा पिल्ले

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन या दोन शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. तो १९६० साली प्रसिद्ध झाला. एकाच वेळी जन्मलेली उंदरांची पिल्ले त्यांनी एकत्र केली आणि पुन्हा माद्यांमध्ये वाटून दिली. काही माद्यांकडे फक्त तीन पिल्ले, काहींकडे पंधरा ते वीस. मादीचे दूध तेवढेच. तीन पिल्लांना ते पोटभर मिळाले, पंधरांना वाटून घ्यावे लागले. तीन आठवड्यांनी दूध सुटले तेव्हा दोन्ही गटांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक होता.

खरी गोष्ट पुढे आहे. दूध सुटल्यावर सगळ्यांना हवे तेवढे खाणे दिले. आता कुणालाही कमी नव्हते. तरीही गर्दीत वाढलेली पिल्ले आयुष्यभर लहानच राहिली. उलट, आधी पोटभर दूध प्यालेल्या उंदरांना मोठे झाल्यावर काही आठवडे उपाशी ठेवले आणि पुन्हा खाऊ घातले, तर त्यांनी वजन भरून काढले. म्हणजे भूक किती होती एवढाच प्रश्न नाही. ती कोणत्या वयात आली हा प्रश्न आहे.

या प्रयोगाची मांडणी पाहा. कोणते पिल्लू तिघांत जाणार आणि कोणते पंधरांत, हे पिल्लाच्या रक्ताने ठरवले नाही. प्रयोग करणाऱ्याच्या हाताने ठरवले. पिल्लाने काही मिळवले नव्हते, काही गमावलेही नव्हते. मोठेपणी दोन्ही गट शेजारी ठेवून कुणी म्हणाले असते, "ही जातच किरकोळ," तर ते शास्त्र झाले नसते, थट्टा झाली असती. आपल्याकडे हाच प्रकार हजारो वर्षे धर्म म्हणून चालला आहे.

मेंदू वाचतो, हा समज

त्या काळी बहुतेक तज्ज्ञांचा समज असा होता की उपासमारीत शरीर मेंदूला वाचवते. स्नायू झिजतात, चरबी जाते, पण मेंदूचे वजन फारसे घटत नाही. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत हे बरेचसे खरेही होते. पण वाढत्या मेंदूचे काय?

जॉन डॉबिंग यांनी विडोसन यांच्याबरोबर हाच प्रश्न घेतला. १९६५ साली त्यांनी दाखवले की दूध पिण्याच्या वयात उपाशी राहिलेल्या उंदरांच्या मेंदूत मायेलिन कमी राहते. मायेलिन म्हणजे मज्जातंतूंवरचे स्निग्ध आवरण. विजेच्या तारेवर रबर असते तसे. ते नीट नसले तर संदेश संथ जातो.

पुढच्याच वर्षी, १९६६ साली, अमेरिकेत मायरन विनिक आणि ॲडेल नोबल यांनी पेशींची मोजदाद केली. पेशी एकेक करून कशा मोजणार? त्यांनी युक्ती वापरली. प्रत्येक पेशीच्या केंद्रात डीएनए ठरावीक प्रमाणातच असतो. मग अवयवातला एकूण डीएनए मोजला की पेशींची संख्या कळते. त्यांना आढळले की जन्मापासून पहिल्या २१ दिवसांत उपाशी राहिलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींची संख्याच कमी राहते आणि नंतर खाऊ घालूनही ती भरून निघत नाही. मोठ्या उंदराला उपाशी ठेवले तर पेशी फक्त बारीक होतात आणि खाणे मिळताच पूर्ववत होतात.

२१ दिवसच का? कारण उंदराचा मेंदू सर्वात वेगाने त्याच काळात वाढतो. डॉबिंग यांनी पुढे वेगवेगळ्या प्राण्यांचे वेळापत्रक मांडले. गिनीपिगचे पिल्लू डोळे उघडे, अंगावर केस आणि धावायला तयार असे जन्मते, कारण त्याच्या मेंदूची मोठी वाढ आईच्या पोटातच झालेली असते. उंदराचे पिल्लू आंधळे, उघडे-नागडे जन्मते, त्याची वाढ नंतर होते. माणसाचा हा काळ गरोदरपणाच्या मध्यापासून सुरू होतो आणि जन्मानंतर किमान दोन वर्षे चालतो. म्हणजे मुलाची पाटी-पेन्सिल येण्याआधीच एक मोठा हिशोब आईच्या ताटात होऊन गेलेला असतो.

शास्त्र बाजारात आले

इथपर्यंतचा इतिहास वाचून थांबणारे पुष्कळ होते. साठच्या दशकात "भुकेने मेंदूला कायमची इजा" असे बोलले जाऊ लागले. १९६३ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत, केप टाऊनमध्ये, स्टॉक आणि स्मिथ या डॉक्टरांनी कुपोषित 'कलर्ड' मुलांचा अभ्यास मांडला. ही मुले डोक्याच्या घेराने लहान आणि चाचण्यांत मागे होती. पण त्या मुलांच्या आयुष्यात फक्त अन्न कमी नव्हते. घर, शाळा, पालकांचे काम, रस्त्यावरचा मान, सगळेच कमी होते. यातला कोणता दोष भुकेचा आणि कोणता वर्णभेदाचा, हे त्या आकड्यांवरून वेगळे कसे करणार?

मग १९६९ साली अमेरिकेत आर्थर जेन्सन यांचा गाजलेला लेख आला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या बुद्ध्यांकातील फरकामागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा असावा, असा त्यांचा रोख होता. जादा शिकवणीच्या सरकारी कार्यक्रमांनी फारसे साधत नाही, हेही त्यांनी सांगितले. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे ना? "कितीही सवलती द्या, काही उपयोग नाही."

जेन्सनना उत्तर म्हणून काही भल्या माणसांनी उंदरांचे प्रयोग पुढे केले : नाही, रक्ताचा दोष नाही, भुकेने मेंदू खराब झाला आहे. म्हणजे आमच्या अभ्यासवर्गातला तरुण जे बोलला, तेच. पण "रक्ताने कमी" आणि "इजेने कायमचे कमी" या दोन्हींचा व्यवहारात अर्थ एकच होतो. दोन्हींत त्या मुलावर खर्च करायची गरज उरत नाही.

१९७२ : एकटा ठेवलेला उंदीर

म्हणून पुढचा प्रयोग आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा आहे. बर्कलीच्या प्रयोगशाळेत साठच्या दशकात आधीच दिसले होते की खाणे सारखेच देऊन एका उंदराला सोबती, खेळणी, चढउतार दिली आणि दुसऱ्याला रिकाम्या पिंजऱ्यात एकटे ठेवले, तर पहिल्याच्या मेंदूचा बाहेरचा थर जाड होतो. म्हणजे मेंदू केवळ अन्नावर वाढत नाही. अनुभवावरही वाढतो.

कॉर्नेल विद्यापीठातील डेव्हिड लेव्हित्स्की आणि रिचर्ड बार्न्स यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. त्यांनी उंदरांना आयुष्याचे पहिले सात आठवडे अर्धपोटी ठेवले. पण सगळ्यांना सारखे वागवले नाही. काही एकटे ठेवले, काही नेहमीसारखे, काहींना हाताळले, सोबत दिली, नवे अनुभव दिले. मग सगळ्यांना पोटभर खाऊ घातले आणि मोठेपणी त्यांचे वागणे तपासले. निष्कर्ष १९७२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. भुकेचे वागण्यावरचे परिणाम एकटे ठेवलेल्या उंदरांत जास्त तीव्र झाले होते. ज्यांना सोबत आणि अनुभव मिळाले, त्यांच्यात ते जवळजवळ दिसेनासे झाले होते.

त्यांनी मांडलेली कल्पना अशी : भुकेले पिल्लू आक्रसते. ते हुंगत नाही, शोधत नाही, भावंडांशी झटापट करत नाही. भूकच त्याला जगापासून तोडते. म्हणजे नुकसान फक्त पोटातून होत नाही, तुटलेपणातून होते. आणि वरून बाहेरच्याने त्याला खरोखरच वेगळे ठेवले, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

मित्रहो, भूक आणि एकटे ठेवणे. या दोन गोष्टी एकत्र करून माणसांवर वापरणारी व्यवस्था कोणती? प्रयोगशाळेला जे पिंजऱ्यात उभे करावे लागले, ते आपल्या गावांत शतकानुशतके उभे होते. वेशीबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, मागून आणलेली शिळी भाकर. बाबासाहेब शाळेत गेले तेव्हा त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते आणि पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नव्हती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. त्याच परिषदेत मृत जनावराचे मांस आणि शिळेपाके सोडायलाही सांगितले. पाणी, अन्न आणि मान हे तीन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्यांनी उंदरांचे प्रयोग होण्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी ओळखले होते.

ज्या वर्षी हा लेख अमेरिकेत छापून आला, त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बाया, त्यांच्या पोटातली आणि कडेवरची लेकरे सुकडीवर आणि मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढत होती. आमच्यापैकी अनेकांचे आईवडील त्या लेकरांपैकी आहेत. त्यांनी पुढे शाळा काढल्या, कविता लिहिल्या, नोकऱ्या केल्या, युनियन चालवल्या, आम्हाला शिकवले. त्यांना कुणी "इजा झालेले मेंदू" म्हणणार असेल तर आम्ही ते ऐकून घेणार नाही. तो आपला कार्यकर्ता असला तरी.

मग उरते काय?

भुकेचा काही परिणाम उरतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. ते खोटे ठरेल. १९९५ साली लेव्हित्स्की आणि बार्बरा स्ट्रप यांनी तोवरच्या प्राण्यांवरील संशोधनाचा आढावा घेतला. मेंदूतले बरेचसे बदल चांगले खाणे मिळाल्यावर भरून येतात, पण हिप्पोकॅम्पस आणि लहान मेंदू या भागांत काही बदल टिकून राहतात, असे त्यांना दिसले. आणि वागण्यात सर्वात जास्त काय टिकते? शिकण्याची कुवत कमी होणे नव्हे. टिकते ते ताणाच्या प्रसंगी जास्त बिथरणे.

उंदरावरून माणसावर थेट उडी मारता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी एवढे विचारायला हरकत नाही : मुलाखतीच्या खोलीत आडनाव विचारून ताण वाढवणारे, वसतिगृहात रँक विचारून टोमणे मारणारे, पहिल्याच दिवशी "कोट्यातला का?" असे विचारणारे, हे सगळे गुणवत्ता तपासतात की पिंजरा हलवून पाहतात?

किती पिढ्या?

आता समोरच्या बाजूच्या आवडत्या प्रश्नाकडे येऊ.

१९७१ साली झामेनहॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गरोदरपणात प्रथिने कमी मिळालेल्या मादीच्या नातवंडांच्या मेंदूतही पेशी कमी होत्या. मधल्या पिढीला तर जन्मानंतर पुरेसे अन्न मिळाले होते. आजीची भूक नातवापर्यंत पोचली, आणि तीही रक्तातल्या कोणत्याही 'नीच' गुणाशिवाय. लहानपणी अर्धपोटी राहिलेल्या मादीचे शरीर लहान राहते आणि ते पोटातल्या पिल्लाला कमी पुरवते, एवढे समजायला वंशशुद्धीचे शास्त्र लागत नाही.

इंग्लंडमध्ये स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी तर उंदरांची एक वसाहत बारा पिढ्या कमी प्रथिनांवर वाढवली. १९७५ साली त्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. पिल्ले जन्मतःच कमी वजनाची होत गेली. मग या वसाहतीतल्या उंदरांना चांगले खाणे दिले. १९८० साली त्याचा अहवाल आला. वाढ पूर्ववत व्हायला तीन पिढ्या लागल्या.

तीन पिढ्या, मित्रहो. आणि कुठे? अशा पिंजऱ्यात, जिथे पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना भरपूर खाणे मिळाले. जिथे कुणी त्यांची विहीर बाटवली नाही, वस्ती जाळली नाही, शिष्यवृत्ती अडवली नाही. संविधान लागू होऊन आज किती पिढ्या झाल्या आणि त्यांतल्या किती पिढ्यांना पहिल्या दिवसापासून भरले ताट मिळाले, याचा हिशोब "किती पिढ्या?" विचारणाऱ्यांनीच द्यावा.

पण इथेच सावध व्हायला हवे. या प्रयोगाच्या जोरावर "तीन पिढ्या आरक्षण द्या" असे आम्ही म्हणत नाही. आरक्षण हे भुकेवरचे औषध नाही. ते प्रतिनिधित्व आहे. सत्तेत, प्रशासनात, शिक्षणात आपला वाटा असावा म्हणून ते आहे, आपला मेंदू अशक्त आहे म्हणून नव्हे. ज्या दिवशी आपण आरक्षणाला टॉनिक म्हणू, त्या दिवशी "आता तब्येत सुधारली, औषध बंद करा" म्हणायला सगळे मोकळे होतील. उंदरांचे प्रयोग आरक्षणाचे समर्थन करत नाहीत. ते आरक्षणविरोधकांच्या "रक्तातल्या गुणवत्ते"चा पाया काढून घेतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वादात त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात.

बाबासाहेबांचा हिशोब

१९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी माणसाची ताकद तीन गोष्टींवर अवलंबून असते असे मांडले : शारीरिक आनुवंशिकता, आईवडिलांचे संगोपन आणि शिक्षणासारखा सामाजिक वारसा, आणि स्वतःचे प्रयत्न. माणसे या तिन्ही बाबतींत असमान असतात हे त्यांनी नाकारले नाही. पण प्रयत्न सोडून उरलेल्या दोन गोष्टींवरून माणसाला कमी-जास्त वागवणे म्हणजे जन्माने, पैशाने, घराण्याने पुढे असलेल्यांनाच शर्यत बहाल करणे, हा त्यांचा युक्तिवाद होता. नंतर आलेल्या प्रयोगांनी यात एकच भर घातली : ज्याला लोक पहिल्या खात्यात, म्हणजे आनुवंशिकतेत टाकतात, त्यातले बरेच काही दुसऱ्या खात्यातले असते. आजीच्या ताटातली भाकरी नातवाच्या अंगावर दिसते आणि लोक तिला रक्त म्हणतात.

बाबासाहेब फक्त मांडून थांबले नाहीत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. गरोदर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे त्याचा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. मेंदू आईच्या पोटात घडतो हे उंदरांच्या मेंदूतली मायेलिन मोजणाऱ्यांना कळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

माणसांच्या बाबतीतला सर्वात बोलका पुरावा जमैकाचा आहे. किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ लहान मुले घेतली. काहींना दोन वर्षे दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी दर आठवड्याला आरोग्य सेविका जाई, घरी बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी खेळे आणि आईलाही खेळायला शिकवे. काहींना दोन्ही दिले, काहींना काहीच नाही. १९९१ साली निष्कर्ष आले. दोन्ही मिळालेली मुले सर्वात पुढे होती, चांगल्या वाढलेल्या मुलांच्या जवळ पोचलेली. वीस वर्षांनी पाहिले तर ज्यांच्याशी कुणी खेळायला आले होते, ती मुले २५ टक्के जास्त कमावत होती. १९७२ च्या उंदरांनी जे सांगितले, तेच या मुलांनी सांगितले. अन्न हवे आणि माणूसही हवा.

आपण काय करायचे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हे मागास म्हणून हिणवले जाणारे राज्य नाही, देशाची आर्थिक राजधानी असलेले राज्य आहे. आणि देशभरात हे प्रमाण अनुसूचित जाती-जमातींत इतरांपेक्षा जास्त आहे. त्याच महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी बंद केला. लोकवर्गणीतून द्या, असे सांगितले. कुणाच्या ताटातली प्रथिने कुणाच्या भावना दुखावतात म्हणून काढली जातात, हा धार्मिक प्रश्न नाही. तो मेंदूचा आणि जातीचा प्रश्न आहे.

म्हणून आम्हाला वाटते, चळवळीच्या कामात तीन गोष्टी यायला हव्यात. एक : गरोदर बाई आणि दोन वर्षांखालचे मूल यांच्या ताटाचा प्रश्न मोर्चाच्या मागण्यांत वर असावा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर बाईला गरम जेवण देता येते, तर शहरातल्या झोपडपट्टीत का नाही? दोन : अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडीची जागा नाही. तिथे खेळ, गाणी, बोलणे होते का, हे पाहायला आपणच जावे. सेविकेला पुरेसे मानधन नसेल तर ती खेळणार कधी? तीन : जिथे पंगतीत वेगळे बसवले जाते, दलित बाईने रांधले म्हणून मुले उठवली जातात, तिथे गप्प बसू नये. भुकेल्या मुलाला खाऊ घालून त्याच ताटावर त्याला वेगळे पाडणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे.

आणि पुन्हा कधी कुणी विचारले, "गुणवत्ता रक्तात असते ना?" तर त्याला तीन पिल्लांची आणि पंधरा पिल्लांची गोष्ट सांगा. आपल्यातला कुणी म्हणाला, "आपले मेंदूच खराब झालेत," तर त्याला १९७२ चा उंदीर आणि १९७२ चा दुष्काळ, दोन्ही सांगा. आमच्या आजीने उपाशी पोटी खडी फोडली आणि तिच्या लेकराने पाटी हातात घेतली. ते लेकरू दयेला पात्र नव्हते, हक्काला पात्र होते.

जय भीम!